अक्षर नेहमीसारखंच सुंदर

नोंदणीवाली बाई दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, लिहायला-वाचायला येतं का?" आणि पेंटर म्हणाला, "येतं."

तेवढ्या एका शब्दानं पुढचा सगळा घोळ घातला. 'नाही' म्हणाला असता तर बाईनं एक फुली मारली असती आणि पुढच्या दाराला गेली असती. पण चाळीस वर्षं एकच खोटं बोलत आलेल्या माणसाला ऐनवेळी दुसरं काही सुचत नाही.

तसं ते निम्मं खरं होतं. लिहायला त्याला येत होतं. त्या भागातल्या निम्म्या पाट्या त्याच्याच हातच्या. दवाखाना, पिठाची गिरणी, सायकलवाला, वकील, सगळ्यांच्या. गिऱ्हाईक कागदावर मजकूर आणून देई आणि पेंटर तो बघून पत्र्यावर उतरवी. जसं कुणी झाडाचं चित्र काढावं तसं. चित्र काढणाऱ्याला झाडाचं नाव ठाऊक असावंच लागतं असं थोडंच आहे? उकार, वेलांट्या, मात्रा, सगळं कसं जागच्या जागी. फक्त काय लिहिलंय ते विचारायचं नाही. दवाखान्याची पाटी आणि गिरणीची पाटी यांत त्याला फरक माहीत होता तो एवढाच, की एकीला पांढरा डबा लागला होता आणि दुसरीला निळा.

हे कुणालाच कळलं नाही. पाट्या रंगवणाऱ्याला वाचता येत नसेल अशी शंका कुणाला येणार? कुणी कागद घेऊन आलं की त्याचा चष्मा घरी राहिलेला असे. घरी आलं की दुकानात. (त्या चष्म्याला पाय असते तर पोटऱ्या दुखल्या असत्या.)

"मला नाही येत हो," आतून धुणं पिळता पिळता म्हातारीनं सांगून टाकलं. तिला खोटं बोलायची सवय नव्हती. पेंटरनं फॉर्मवर सही काढली, खाली शेपूट ओढलं. बाई बघतच राहिली. म्हणाली, "एक शिकलेला, एक न शिकलेली. छान झालं."

त्यात छान काय होतं, ते दीड वर्षानं कळलं.

झालं होतं असं, की सरकारला सगळ्या देशातल्या मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायचं होतं. विचार चांगला होता. पण तो तीन खात्यांना एकाच वेळी सुचला. शिक्षण खात्याचे वर्ग वेगळे, आरोग्य खात्याचे वेगळे, कामगार खात्याचे वेगळे. कोपऱ्यावरची भाजीवाली तिन्ही याद्यांत होती. तिला लिहायच्या तीन पाट्या मिळाल्या आणि तिन्ही तिनं टोपल्यांवर झाकण म्हणून वापरल्या. गोदामाकडे जाणाऱ्या रस्त्याची लांब भिंत पेंटरनं एका वर्षात तीनदा रंगवली, दरवेळी आधीच्या खात्याची अक्षरं खरवडून. तिसऱ्या वेळी त्याला वळणं ओळखीची वाटली. मजकूर तोच असावा. पण तो बोलला नाही. आपल्याला काय, रंग त्यांचा.

मग वर कुणाच्या तरी ध्यानात आलं की हे काही बरोबर चाललेलं नाही, सगळ्यांचं मिळून एक पाहिजे. म्हणून समन्वय कार्यालय निघालं. समन्वय म्हणजे काय? तर आधी तीन साहेब तीन खुर्च्यांवर बसत होते, ते एकमेकांशी बोलतात की नाही हे बघायला चौथा बसला. भिंत चौथ्यांदा रंगली. तिन्ही याद्यांची एक यादी झाली. आणि नियम निघाला, की ज्या घरात एक शिकलेला आणि एक न शिकलेला असेल, तिथं शिकलेल्यानं घरच्या माणसाला शिकवायचं आणि शेजारच्या चारांनाही. फुकट.

तसं पत्र पेंटरच्या घरी आलं. जाड कागद, खाली गोल शिक्का.

"काय म्हणतायत?" म्हातारीनं विचारलं.

पेंटरनं चष्मा लावला, घसा साफ केला. "म्हणतायत, भिंत चांगली रंगवलीत. आभारी आहोत."

"बघा, सरकारलासुद्धा कदर आहे," म्हणत म्हातारीनं ते पत्र ट्रंकेत ठेवलं. लेकीच्या पत्रांवर.

आता लेकीचं सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिची आहे. एकुलती एक लेक. तिनं स्वतःच्या मनानं लग्न ठरवलं तेव्हा पेंटर तिला दारात उभं करून म्हणाला होता, "जातेस तर जा. पुन्हा हे दार वाजवायचं नाही." (तोंड पहिल्यापासून फटकळ. मागाहून तीन दिवस जेवला नाही, पण ते सांगायला लेकीकडे कोण जाणार?) ती लांबच्या शहरात गेली. सहा महिन्यांनी तिचं पहिलं पत्र आलं आणि पेंटर ते हातात धरून नुसताच उभा राहिला. दार वाजवू नको म्हटलं, तर पोरगी पत्रातून आली.

म्हातारी समोर येऊन बसली. "वाचा ना."

तिला कसं सांगणार? लग्नात सांगितलं होतं की सात बुकं शिकलोय. पेंटर म्हणाला, "सगळं ठीक आहे. काळजी करू नका." आणि मग जे मनात येईल ते वाचत गेला.

अशी आठ पत्रं त्यानं वाचली. म्हातारीचा चेहरा फुलायला लागला की त्याला चेव येई. जावई कारखान्यात साधा फिटर होता. दुसऱ्या पत्रात पेंटरनं त्याला मुकादम केलं, चौथ्यात सुपरवायझर, सहाव्यात ऑफिसात पंख्याखाली बसवलं. लेक आणखी दोन वर्षं लिहीत राहिली असती तर कारखाना जावयाच्या नावावर झाला असता. म्हातारी नळावर बायकांना सांगायची, "आमच्या जावयाला परत बढती!"

पण एक होतं. वाचता येत नसलं तरी पेंटरला हात ओळखता येत होता. कुठली रेघ कशा हातानं ओढली आहे, ते ब्रश धरणाऱ्याला कळतंच. पहिल्या पत्रांतली लेकीची अक्षरं गोल होती, एकमेकांना धरून चाललेली. आठव्या पत्रात ओळी खाली घसरल्या होत्या. पेन कागदात रुतलं होतं. एका जागी शाई फुटली होती. पेंटरनं त्या जागेवरून बोट फिरवलं.

"काय झालं?" म्हातारी म्हणाली.

"काही नाही. घाईत लिहिलंय. नवीन घर मिळालंय ना, सामान लावतायत."

त्या पत्रात एक रिकामा लिफाफा होता, तिकीट लावलेला, वर पत्ता घातलेला. म्हणजे पोरीला उत्तर हवं होतं. म्हातारी हटूनच बसली. "माझ्यासमोर लिहा. लिहा की आम्ही दोघं बरे आहोत. तुझी फार आठवण येते. जमेल तेव्हा ये."

पेंटर चांगला कागद घेऊन बसला. आयुष्यात त्याला अगदी मनासारखी उतरलेली एकच पाटी होती, गोदामाच्या फाटकावरची. तिची वळणं त्याला पाठ होती. ती त्यानं कागदावर उतरवली, निळ्या रंगात. भोवती वेल काढली, वेलीला पानं काढली. दोन तास खपला. काय लिहिलंय ते ठाऊक नव्हतं, पण इतकं सुंदर दिसणारं काही वाईट असेल असं त्याला वाटलं नाही.

"एवढंच?" म्हातारी वाकून बघत म्हणाली.

"मोठं अक्षर आहे. थोडक्यात बसवलंय."

"माझा अंगठा उठवा खाली. म्हणजे तिला कळेल मी पण आहे." त्याच निळ्या रंगात अंगठा बुडवून म्हातारीनं तो वेलीखाली उठवला.

पंधरा दिवसांनी नववं पत्र आलं. चारच ओळींचं. पेंटर म्हणाला, "सगळं ठीक आहे. काळजी करू नका." त्यानंतर पत्र नाही. चौदा महिने नाही.

तर अशा घरात एके दिवशी सकाळी एक तरुण, बगलेत फाइल, पायात करकर वाजणारे बूट, येऊन विचारता झाला, "गुरुजी, वर्ग कसा चाललाय?"

पेंटरनं मागं वळून बघितलं. मागं कुणी गुरुजी नव्हता.

"कसला वर्ग?"

"पत्र मिळालं ना तुम्हाला? समन्वय कार्यालयाचं? शिक्का होता खाली."

"अहो ते तर आभाराचं होतं!" म्हातारी बोलून गेली.

फाइलवाला हसला. "आभार नंतर, आजी. आधी काम." आणि त्यानं नियम सांगितला. पाच शिकणारे. घरच्या आजी, भाजीवाली, इस्त्रीवाला, त्याची बायको आणि गोदामाचा वॉचमन. (वॉचमन त्या दिवशीच म्हणाला की मला ड्यूटी आहे, आणि शेवटपर्यंत ड्यूटीवरच राहिला.)

"माझा चष्मा..." पेंटर म्हणाला.

"सरकार देईल," फाइलवाला म्हणाला.

तो गेल्यावर पेंटर म्हातारीला म्हणाला, "मी उद्या जाऊन नाही म्हणून सांगतो. या वयात कसलं शिकतेस?"

म्हातारी कधी उलटून बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "चौदा महिने झाले. तुम्ही लिहिलेलं तिला पोचलंच नसेल, नाहीतर पोरगी अशी गप्प बसली नसती. मला माझ्या हातानं लिहायचंय तिला. एकदाच. मग पाटी चुलीत घाला माझी."

वर्ग सुरू झाला.

घरासमोरच्या पत्र्याखाली, रंगाच्या डब्यांमध्ये चौघं बसले. पेंटरनं फळ्यावर एक अक्षर काढलं. असं काढलं की सगळे पुढं सरकले. इस्त्रीवाला हळूच म्हणाला, "काय देखणं आहे हो! पण गुरुजी, हे आहे काय?"

"तुम्हीच सांगा."

"आम्हाला येत असतं तर आम्ही इथं कशाला..."

"मी सांगितलं तर तुम्ही शिकणार कधी?" पेंटर खेकसला.

दारात उभ्या असलेल्या फाइलवाल्यानं फाइलीत लिहून घेतलं की हे गुरुजी शिकवण्याची नवी पद्धत वापरतात.

वाचवलं ते पुस्तकानं. समन्वयाचं एकच पुस्तक सगळ्यांना मिळालं होतं आणि त्यात प्रत्येक अक्षराशेजारी चित्र होतं. चित्र ओळखलं की अक्षर कळलं. पेंटरच्या जिवात जीव आला. तो आदल्या दिवशी चित्रं बघून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी शिकवी. शिकवणारा शिकणाऱ्यांच्या एक दिवस पुढं होता, एवढाच काय तो फरक. आणि सातव्या पानावर तोही संपला. तिथं एक भांडं होतं.

"मडकं," इस्त्रीवाला म्हणाला.

"डोळे फुटले का? कळशी आहे ती," भाजीवाली म्हणाली. "रोज डोक्यावर नेते मी."

"तुझ्या डोक्यावर काय आहे ते चित्रवाल्याला काय ठाऊक?"

"गुरुजींना विचारा ना!"

सगळ्यांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाले, "हात वर करा. मडकं म्हणणारे किती?"

अशा रीतीनं देशाच्या साक्षरतेचं एक अक्षर मतदानावर गेलं. मडक्याला दोन मतं पडली (नवरा-बायकोची), कळशीला एक. म्हातारीनं हात वर केलाच नाही. ती पानं उलटत होती. मग म्हणाली, "अहो, इकडं बघा. पुढच्या पानावर घराचं चित्र आहे, आणि त्याच्याजवळ हेच अक्षर आहे. घर ते घरच. त्याला दुसरं काय म्हणणार? म्हणजे हे भांडं घागर."

पेंटर म्हणाला, "बरोबर. मी तेच बघत होतो, कुणाच्या लक्षात येतं ते."

म्हातारीनं त्याच्याकडे एकदा बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं. मग मान खाली घालून पाटीवर 'घ' गिरवायला लागली.

त्या दिवसापासून ती पुढं गेली आणि गुरुजी मागं राहिले. तिला भाकरी थापताना अक्षरं सुचायची. डब्यांवरची नावं वाचायची, औषधाच्या बाटल्या वाचायची. पेंटरचं मात्र अडायचं. चाळीस वर्षं त्यानं अक्षरं बघितली होती ती मुकी. एवढी वर्षं न बोललेली अक्षरं एकदम बोलणार कशी? 'क' दिसला की त्याला वाटे, या पोटाला जरा गोलाई कमी पडलीय. आवाज काही यायचाच नाही.

आणि खोलीच्या कोपऱ्यात ती ट्रंक. त्यानं दोनदा कुलूप आणलं, दोनदा परत नेलं. कुलूप लावलं असतं तर किल्ली कुणाकडं राहिली असती? गेली तीस वर्षं सगळ्या किल्ल्या म्हातारीच्या कमरेला.

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ट्रंक उघडी होती. जमिनीवर नऊ पत्रं ओळीनं मांडलेली. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एक वाटी पालथी घातलेली. म्हातारी मध्ये बसली होती.

"बसा," ती म्हणाली.

"अगं, चष्मा दुकानात..."

"नाकावर आहे. बसा."

तो बसला.

"मला घागरीच्या दिवशीच कळलं," म्हातारी म्हणाली. "म्हटलं, असू दे. माणूस आहे, लाजला असेल. म्हटलं, निदान पत्रं तरी कुणाकडून तरी वाचून घेत असतील आणि मग मला सांगत असतील." तिनं आठव्या पत्रावरची वाटी उचलली. "हे नव्या घराचं. ऐका."

बोट ओळीखाली ठेवून, जोडाक्षरांवर अडखळत ती वाचू लागली. "आई. तो गेला निघून. दोन महिने झाले. कुठं गेला ते कारखान्यातही कुणाला ठाऊक नाही. मी शिवणाच्या ठिकाणी कामाला लागलेय. खोलीत एकटीच असते. मी काही दिवस घरी येऊ का? बाबांना विचार. ते हो म्हणाले तरच येईन. आत लिफाफा ठेवलाय."

शाई फुटली होती ती जागा 'एकटीच'वर होती.

पेंटर म्हणाला, "कुठं गेला असेल जावई?"

"तुम्हालाच ठाऊक. तुम्ही त्याला पंख्याखाली बसवलं होतंत." म्हातारीनं नववी वाटी उचलली. "हे शेवटचं. बाबांचं उत्तर मिळालं. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आहे. खाली आईचा अंगठा पण आहे, म्हणजे तिचंही तेच म्हणणं. आता पुन्हा नाही विचारणार." तिनं कागद खाली ठेवला. "काय लिहून पाठवलं होतंत तुम्ही? माझा अंगठा घेऊन?"

"मला माहीत नाही," पेंटर म्हणाला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोलला, तर ते असं.

"म्हणजे?"

"चल. दाखवतो."

दोघं गोदामापर्यंत चालत गेले. तो पुढं, ती दोन पावलं मागं. फाटक बंद होतं. वर दिवा नुकताच लागला होता आणि दिव्याखाली निळ्या रंगाची पाटी. पेंटरनं नुसतं बोट केलं.

म्हातारी मान वर करून उभी राहिली. "प... र... वा... न... गी..." ती एकेक अक्षर उचलत होती आणि पेंटर स्वतःची पाटी पहिल्यांदा ऐकत होता. "परवानगीशिवाय. आत. येऊ. नये."

फाटकाच्या खिडकीतून वॉचमननं डोकं बाहेर काढलं. "ओ आजी, इथं नाही थांबायचं. पाटी आहे ना वर एवढी मोठी. वाचता येत नाही का?"

"येतं बाबा," म्हातारी म्हणाली. "आजच आलं."

घरी परतताना ती काही बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात पेंटर पटाईत होता. पण तिनं नेहमीसारखं वाढलं, नेहमीसारखं पांघरूण टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र लिहायला बसली. चार दिवस लिहीत होती. अक्षरं कशी म्हणाल तर वेड्यावाकड्या दातांसारखी, एक पुढं, एक मागं. पेंटर तीनदा तिच्या मागून जाऊन आला. शेवटी राहवलं नाही.

"ही ओळ वाकडी चाललीय. मी नीट काढून देऊ?"

"नको," ती मान वर न करता म्हणाली. "तुमच्या सुंदर अक्षराचं एक पत्र मिळालंय तिला."

पत्ता तेवढा तिनं त्याला घालू दिला. लेकीच्या पत्राच्या मागून त्यानं तो जसाच्या तसा उतरवला. शेपूट ओढलं नाही, वेल काढली नाही.

त्याच दिवशी तो समन्वय कार्यालयात गेला. फाइलवाला खूश होऊन उठला. "या गुरुजी! तुमच्या वर्गाचा निकाल लागला. चारही पास. तुमचं नाव वर पाठवलंय, आदर्श स्वयंसेवक म्हणून."

"ते राहू द्या," पेंटर म्हणाला. "मला शिकणाऱ्यांत घाला. मला वाचता येत नाही."

"गुरुजी, चेष्टा करताय."

"चेष्टा करायचं वय आहे का माझं? त्या बाईला मी खोटं सांगितलं."

फाइलवाल्यानं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "असं मोठ्यानं बोलू नका. तीन खात्यांच्या याद्या जुळवायला आम्हाला सव्वा वर्ष लागलं. तुम्ही साक्षर आहात, तिन्ही ठिकाणी. आता तुम्हाला काढायचं म्हणजे तिघांची सही, मग आमची, मग वरची. आणि साक्षर माणूस पुन्हा निरक्षर झाला असा रकानाच नाही आमच्याकडे."

"मग मी काय करू?"

"अर्ज करा."

"करतो. कसा करायचा?"

"लेखी," फाइलवाला म्हणाला.

पेंटर घरी आला. आता पत्र्याखालच्या वर्गात म्हातारी शिकवते आणि गुरुजी पुढच्या रांगेत रंगाच्या डब्यावर बसतात. भाजीवाली त्यांना सांगते, "काका, मान खाली घाला, आम्हाला फळा दिसत नाही." यादीत अजून तेच गुरुजी आहेत.

लेकीचं उत्तर यायला दीड महिना लागला. पोस्टमननं लिफाफा पेंटरच्याच हातात दिला. त्यानं वरचा हात ओळखला. उघडला नाही. नेऊन म्हातारीसमोर ठेवला आणि समोर बसला, जशी ती पूर्वी बसायची तसा.

दोन कागद होते, दोन्ही बाजूंनी भरलेले. म्हातारी हळूहळू वाचत होती, मनातल्या मनात. एकदा पदर डोळ्याला लावला. एकदा ओठ जरासे हलले. शेवटच्या ओळीवरून पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. पेंटर गुडघे धरून बसला होता. लहान पोराला बाहेर उभं करून आत मास्तर बापाशी बोलत असावा, तसं त्याचं तोंड झालं होतं.

"काय लिहिलंय?"

म्हातारीनं कागदांची नीट घडी घातली.

"सगळं ठीक आहे," ती म्हणाली. "काळजी करू नका."

आणि उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माळ्यावरची जादा गादी खाली काढून उन्हात टाकली, दोन्ही बाजूंनी बडवली. कशासाठी, ते सांगितलं नाही. पेंटरनं विचारायचं धाडस केलं नाही. पत्र मात्र तिनं ट्रंकेत टाकलं नव्हतं. वाटीखाली ठेवून दिलं होतं, हाताला लागेल असं.

ती बाजारात गेली तेव्हा पेंटरनं वाटी उचलली. ओळी सरळ होत्या हे त्याला बघताक्षणीच कळलं. पेन कागदात रुतलेलं नव्हतं. अक्षरं पुन्हा गोल झाली होती, आणि एकमेकांना धरून चालली होती. मग त्यानं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. इस्त्रीवाला कपडे द्यायला आला होता. म्हणाला, "काका, मी वाचून दाखवू? आता मला घडाघडा येतं." पेंटरनं त्याला असं हाकललं की तो एक सदरा जास्तीचा ठेवून गेला.

दुपार कलली तेव्हा दुसऱ्या कागदाच्या मागच्या बाजूला, खालून तिसऱ्या ओळीत, त्याला एक शब्द सापडला. दोन सारखी अक्षरं, दोघांनाही काना. त्यानं बोट उचललं, पुन्हा ठेवलं. ओठ हलवून बघितले. मुकं होतं ते बोललं.

बाबा.

सबंध पत्रात एवढ्या एकाच ठिकाणी. बाबांना लिहिलंय, की बाबांबद्दल लिहिलंय, की बाबांना सांगू नकोस असं लिहिलंय, ते त्याच्या पुढच्या शब्दावर अवलंबून होतं. तो शब्द लांबलचक होता, आणि मध्ये एक मोठं जोडाक्षर होतं.

पेंटरनं पुस्तक आणून सगळी पानं उलटली. जोडाक्षरांचा धडा अगदी शेवटी होता. वर्गातले बाकीचे तो शिकून कधीच पुढं गेले होते. गुरुजींचा तेवढा राहिला होता.